कागद, काच, पत्रा : घरातील टाकाऊ वस्तूंचा प्रवास

जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईतील देवनार कचराभूमीला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. धुराचे लोट उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतही स्पष्ट दिसले. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या भागांतील रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. १९२७ पासून वापरात असलेल्या, सुमारे १३२ हेक्टर पसरलेल्या या जागेत जळत होते तरी काय? भाजीची देठे, खरकटे, वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या, फाटक्या चादरी, मोडकी खेळणी. शहरातील लाखो घरांतून एकाच पिशवीत बांधून जिन्यापाशी ठेवलेल्या वस्तूच तेथे दशकानुदशके साठल्या होत्या.

यांतील बहुतेक वस्तूंना बाजारात किंवा मातीत जागा होती. देठांचे खत झाले असते, वर्तमानपत्राचा पुठ्ठा झाला असता, चादरीचे पायपुसणे झाले असते. या वस्तू एकत्र झाल्या आणि प्रत्येकीचे मोल दुसरीमुळे बुडाले. घरातील टाकाऊ वस्तूचे पुढे काय होणार, याचा निर्णय बहुतेक वेळा महापालिकेच्या कार्यालयात होत नाही. तो स्वयंपाकघरातील ओट्याखाली, डब्यात वस्तू टाकण्याच्या क्षणी होतो.

मिसळण्याची किंमत

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक वाटा ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. रोज ताजी भाजी चिरणाऱ्या आणि पोळी-भात-आमटी रांधणाऱ्या घरात हे स्वाभाविकच आहे. हा ओला कचरा एकटा असला तर तो सर्वांत सोपा कचरा होय, कारण निसर्ग तो स्वतःच जिरवतो. मात्र तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधला जाऊन इतर कचऱ्याखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. कचराभूमीवर वारंवार लागणाऱ्या आगींमागे हा वायू हे एक प्रमुख कारण असते. कचऱ्यातून झिरपणारे काळे, दुर्गंधीयुक्त पाणी जमिनीत मुरते आणि विहिरी नासवते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे स्वीकारणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील ग्रामस्थांनी पाण्याच्या आणि दुर्गंधीच्या प्रश्नावरून वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्या याच कारणाने. २०१७ मध्ये तेथील आगीनंतर असेच आंदोलन झाले, तेव्हा पुण्यातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते.

सुक्या कचऱ्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. आमटी सांडलेला कागद लगदा गिरणी घेत नाही. तेलकट पिशवी धुण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. काचेचे तुकडे मिसळलेला ढीग वेचताना हात कापतात, म्हणून तो तसाच सोडून दिला जातो. घरात वर्गीकरणाला काही सेकंद लागतात. तेच काम कचराभूमीवर करायचे तर यंत्रे, मजूर आणि कोट्यवधींचा निधी लागतो आणि तरीही हाती येणारा माल कमी प्रतीचा असतो. मुंबईत दररोज निर्माण होणारा कचरा सहा हजार टनांच्या पुढे जातो, हे लक्षात घेतले की या काही सेकंदांचे महत्त्व ध्यानी येते.

बोहारीण, पिंजारी आणि कल्हईवाला

वस्तू टाकून देण्याची सवय मराठी घरांना तशी नवीनच आहे. दोन पिढ्यांपूर्वीच्या वाड्यात आणि चाळीत कचऱ्याचा डबा लहान असे, कारण त्यात जाण्यासारखे फारसे उरतच नसे. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक घालून गोधडी शिवली जाई. तीही विरली की तिचे तुकडे पुसण्यासाठी वापरले जात. थोडे बरे कपडे बोहारणीला देऊन तिच्याकडून भांडे घेतले जाई. तिच्याशी घासाघीस करणे हा दुपारच्या वेळचा ठरलेला कार्यक्रम असे. बोहारीण ते कपडे दुरुस्त करून जुन्या बाजारात विकत असे आणि ज्यांना नवे कपडे परवडत नसत, त्यांची गरज त्यातून भागत असे.

गादीतील कापूस बसला की पिंजारी बोलावून तो पुन्हा पिंजून घेतला जाई. पाट्याला टाकी लावणारी, सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा, छत्रीच्या काड्या बदलणारा, स्टोव्ह दुरुस्त करणारा अशी माणसे आळीपाळीने दारावर येत. कल्हईवाला हा यांतील कुशल कारागीर. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. हे टाळण्यासाठी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर दिला जातो. भाता चालवून निखारे फुलवायचे, भांडे तापवायचे, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि कथील लावून ते कापसाने किंवा कापडाने सर्वत्र फिरवायचे, अशी ही कृती. एका कल्हईमुळे भांडे पुन्हा काही महिने वापरात राही आणि तेच भांडे आजीकडून नातीपर्यंत पोहोचे.

स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक स्वस्त झाले, घरे लहान झाली, दुपारी घरात कोणी नसू लागले आणि संकुलांच्या प्रवेशद्वारांवर सुरक्षारक्षक उभे राहिले. दारावर येणारी ही व्यवस्था त्यामुळे मागे पडली. तिच्यातील रद्दीवाला आणि भंगारवाला मात्र टिकून राहिला. त्याच्या काट्यावर आजही घराघरातील वर्तमानपत्रे मोजली जातात.

कचरावेचकांची पंचायत

भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत न पोहोचणारा, रस्त्यावरच्या कुंडीत पडलेला माल वेचणारा एक मोठा वर्ग प्रत्येक शहरात आहे. पुण्यातील कचरावेचकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांपैकी बहुतेक दलित समाजातील आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यासारख्या भागांतून शहरात आलेल्या अनेक कुटुंबांनी हे काम पत्करले. भांडवल लागत नाही आणि कोणी नोकरीला ठेवण्याची वाट पाहावी लागत नाही, एवढीच या कामाची जमेची बाजू होती. बाकी कुत्र्यांचे चावे, कापलेले हात, पोलिसांचा संशय आणि रहिवाशांची हेटाळणी हे रोजचेच होते.

१९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण उपक्रमातून पुढे आलेल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा या उभारणीत मोठा वाटा होता. संघटनेच्या नावातच या स्त्रियांच्या रोजीचा तपशील आहे. पंचायतीने मांडलेला युक्तिवाद साधा होता. कचरावेचक जो माल उचलतात, तो वाहून नेण्याचा आणि पुरण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, म्हणून हे काम सार्वजनिक सेवा मानले गेले पाहिजे. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यात झालेल्या अभ्यासात एक कचरावेचक दरमहा सरासरी २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला विनामोबदला देते, असा हिशेब मांडण्यात आला. पंचायतीने दिलेल्या ओळखपत्रांना पुणे महापालिकेने मान्यता दिली. चोरीच्या संशयावरून होणारा त्रास कमी होण्यास त्याचा उपयोग झाला.

पुढची पायरी २००८ मध्ये गाठली गेली. कचरावेचकांच्या मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. सदस्य दारावरून वर्गीकृत कचरा घेतात, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत देतात आणि सुक्यातील विकण्याजोगा माल स्वतः विकतात. त्यांना घरटी ठरावीक मासिक शुल्क मिळते. संस्थेच्या सदस्यांची संख्या तीन हजारांवर गेली. कुंडीत वाकून वेचण्याऐवजी दारात उभे राहून मागून घेण्याचा हा बदल होता आणि त्यामुळे त्यांची कमाई, आरोग्य आणि मान या तिन्ही गोष्टींवर परिणाम झाला. तरीही ही व्यवस्था सुरक्षित झाली असे म्हणता येत नाही. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपल्यानंतर तो काही काळ अल्प मुदतवाढींवर चालला आणि हे काम खासगी कंत्राटदारांना द्यावे काय, याची चर्चा शहरात झाली.

रहिवाशाने कचरा वेगळा करून दिला की या स्त्रियांच्या हाती विकण्याजोगा माल पडतो. मिसळून दिला की केवळ ओझे पडते. वर्गीकरणाचा प्रश्न स्वच्छतेबरोबर दुसऱ्याच्या रोजगाराचाही आहे, तो असा.

भंगाराचा पुढचा प्रवास

रद्दीच्या दुकानात आलेला माल प्रकारानुसार वेगळा होऊन मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात आणि तेथून कारखान्यात जातो. प्रत्येक टप्प्यावर वर्गीकरण अधिक बारीक होते आणि त्या प्रमाणात भाव वाढतो. मुंबईच्या धारावीतील तेरा कंपाउंड हा परिसर या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथील लहान गाळ्यांत प्लास्टिक रंगानुसार व जातीनुसार निवडले जाते, कापले जाते, धुतले जाते, वितळवून त्याचे दाणे केले जातात आणि ते दाणे नव्या वस्तूंसाठी कारखान्यांना विकले जातात.

सर्वच पदार्थ सारख्या सहजतेने पुन्हा वापरात येत नाहीत. ॲल्युमिनियम, लोखंड आणि तांबे यांना भंगारात मागणी कायम असते, कारण धातू कितीही वेळा वितळवला तरी त्याचे गुण टिकतात. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत भंगारापासून ते बनवताना सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काचही पुनःपुन्हा वितळवता येते. मात्र ती जड, वाहतुकीस गैरसोयीची आणि भावाने कमी असल्याने फुटकी काच गोळा करण्यास फारसे कोणी राजी नसते. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरणे हा तिचा उत्तम उपयोग होय.

कागदाची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक लगद्याबरोबर त्यातील तंतू आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांपासून कागद बनू शकत नाही. वहीच्या पांढऱ्या कागदाचे वर्तमानपत्री कागदात आणि त्याचे पुढे पुठ्ठ्यात रूपांतर होते, ही प्रत्यक्षात उतरंड आहे. प्लास्टिकचे अस्तर असलेले चहाचे पेले, चकचकीत वेष्टने आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या दिसायला कागदी असल्या, तरी रद्दीत त्यांचा उपयोग होत नाही. कापडाचेही तसेच. चांगले कपडे जुन्या बाजारात जातात, फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी लागतात आणि जुने लोकरी कपडे हरियाणातील पानिपतला जाऊन त्यांच्या सुतापासून स्वस्त घोंगड्या विणल्या जातात.

प्लास्टिक : एक नाव, अनेक जाती

प्लास्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा अनेकांनी पाहिलेला असतो. तो त्या वस्तूच्या जातीचा क्रमांक आहे. पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्यांवर १ असतो, शाम्पूच्या आणि फिनाइलच्या जाड बाटल्यांवर बहुधा २, नळांच्या प्लास्टिकवर ३, मऊ पिशव्यांवर ४, जेवणाच्या डब्यांवर ५ आणि थर्माकोलच्या जातीच्या वस्तूंवर ६. उरलेल्या सर्व ७ या क्रमांकात मोडतात. भंगारवाला हे आकडे न वाचताही हाताने दाबून, आवाजावरून माल ओळखतो. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या जातीला चांगली मागणी असते. एका जातीत दुसरी मिसळली की दोन्हींची प्रत बिघडते, म्हणून निवड करणाऱ्याच्या नजरेला येथे किंमत आहे.

वेफर्स, बिस्किटे आणि मसाल्यांची चकाकणारी पाकिटे ही यातील मोठी अडचण आहे. त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे खर्चिक असल्याने भंगारात त्यांना भाव नाही. अशी पाकिटे सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळली जातात किंवा कचराभूमीत जातात. त्यांच्यावर 'पुनर्वापरयोग्य' असे छापलेले असले, तरी ती कोणी उचलत नसेल तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्राला प्लास्टिक पिशव्यांचा धडा २६ जुलै २००५ रोजी मिळाला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई बुडण्यामागे अनेक कारणे होती, त्यांत गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्यांचीही चर्चा झाली आणि त्यानंतर राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर व्यापक बंदी जाहीर केली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ, कानकोरण्याच्या प्लास्टिक काड्या अशा वस्तू बंद करण्यात आल्या. पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरली. जाडी वाढवण्यामागे दोन हेतू होते : जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि टाकली तरी वेचणाऱ्याला ती उचलणे परवडते.

ओल्या कचऱ्याची सोय

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी बागेची आवश्यकता नाही. सच्छिद्र कुंडी किंवा तळाशी आणि बाजूंना भोके पाडलेली बादली पुरते. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला, त्यावर रोजचा चिरलेला ओला कचरा आणि पुन्हा पाल्याचा थर, असा क्रम ठेवायचा असतो. वाळलेला पाला दोन कामे करतो : तो जास्तीचे पाणी शोषतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना लागणारा कर्ब पुरवतो. मधून मधून खालीवर केल्याने हवा खेळती राहते. दोन ते तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास असलेले खत तयार होते. दुर्गंधी येऊ लागली तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली असे समजून पाला वाढवावा. मासे-मटणाचे अवशेष, तेलकट रस्से आणि ताक-दही लहान कुंडीत टाळलेले बरे.

मोठ्या संकुलांसाठी आणि उपाहारगृहांसाठी बायोगॅस हा दुसरा मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून वायू आणि खत दोन्ही देतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारे घरगुती आकाराचे संयंत्र तयार केले आणि २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. गणेशोत्सवात घाटांवर ठेवले जाणारे निर्माल्य कलश हाही याच विचाराचा भाग आहे. फुले आणि दूर्वा नदीत न जाता खताकडे जाव्यात, हा त्यांचा उद्देश. मात्र निर्माल्यासोबत प्लास्टिकची पिशवी कलशात पडली की पुन्हा कोणाला तरी ती हाताने काढावी लागते.

दुरुस्ती : पुनर्वापराच्याही आधी

वस्तू वितळवून नवी बनवण्यात ऊर्जा, पाणी आणि वाहतूक खर्च होते. वस्तू दुरुस्त केली तर तिच्यात आधीच ओतलेले श्रम आणि साहित्य तसेच कामी येते. त्यामुळे पुनर्प्रक्रियेचा क्रमांक दुरुस्तीनंतर लागतो.

घरातील अनेक बिघाड लहानशा भागापुरते असतात. छताचा पंखा मंदावला तर बहुधा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. मिक्सर चालतो पण भांड्यातील पाते फिरत नसेल, तर त्याखालचा कपलर झिजलेला असतो. मोटारीतून ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश बदलण्याची वेळ आलेली असते. प्रेशर कुकरमधून वाफ कडेने निसटत असेल तर रबरी रिंग बदलावी लागते. ही रिंग आणि सुरक्षा झडप त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्यावी, तेथे काटकसर करू नये. गळणाऱ्या नळाला अनेकदा नवा वॉशर पुरतो. सुटकेसची चेन, चपलेचा अंगठा, पँटवरील रफू, खुर्चीची वेत-विणाई ही कामे करणारे कारागीर जुन्या पेठांत आणि रेल्वे स्थानकांबाहेर आजही आढळतात. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार साठलेला असू शकतो.

तरीही दुरुस्ती मागे का पडते? सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर महाग असतात. स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेल्या वस्तू उघडता येत नाहीत. मोबाइलची बॅटरी एकेकाळी नखाने काढता येई, आता तिच्यासाठी सेवा केंद्रात जावे लागते. कारागिराची मजुरी आणि नव्या वस्तूची सवलतीतील किंमत यांत फरक थोडा उरला की ग्राहक नवी वस्तू घेतो. कारागिराचा मुलगा मग त्या धंद्यात येत नाही आणि पुढच्या वेळी दुरुस्तीसाठी माणूसच सापडत नाही.

यावर जगभर 'दुरुस्तीचा हक्क' मागितला जात आहे. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या महिलेने पहिले 'रिपेअर कॅफे' भरवले. नागरिकांनी मोडकी वस्तू आणायची आणि जाणकार स्वयंसेवकाबरोबर बसून ती दुरुस्त करायची, अशी ती पद्धत अनेक देशांत पसरली. फ्रान्सने २०२१ पासून ठरावीक विद्युत उपकरणांवर ती किती सहज दुरुस्त होतात याचा गुणांक छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात प्रथम घेण्यात आली. ग्राहकाच्या हाती असलेला उपाय मात्र जुनाच आहे : खरेदी करताना सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि वस्तू उघडता येते काय, हे विचारणे.

जे भंगारवाल्यालाही देऊ नये

संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच यांत तांबे आणि थोडे सोनेही असते, तसेच शिसे आणि कॅडमियमही असते. अनधिकृत ठिकाणी तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लात बुडवून धातू वेगळे केले जातात. त्या धुराचा आणि आम्लाचा परिणाम तेथे राबणाऱ्यांवर, अनेकदा मुलांवर होतो. देशात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले. २०२२ च्या सुधारित नियमांनुसार उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. त्यामुळे जुने उपकरण अधिकृत संकलन केंद्रात किंवा उत्पादकाच्या परतफेड योजनेत देणे इष्ट. फुगलेली लिथियम बॅटरी कचऱ्यात टाकल्यास गाडीत दबून पेट घेऊ शकते. नळीच्या दिव्यांत आणि जुन्या तापमापकांत पारा असतो, म्हणून तेही वेगळे, न फोडता ठेवावेत.

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर हा आणखी एक नाजूक विषय. ते उघडे टाकले की वेचणाऱ्या स्त्रीला हाताने बाजूला करावे लागतात. पुण्यातील कचरावेचकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची विनंती नागरिकांना केली. एका ठिपक्याने तिला आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळते.

कायदा काय सांगतो

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला. त्यातून २००० मध्ये देशातील पहिले घनकचरा नियम आले. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे नागरिकांचे कर्तव्य ठरवले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्यांच्या जागी केंद्राने १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग सांगण्यात आले आहेत. रोज १०० किलो किंवा अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या संकुलांवर अधिक जबाबदारी आहे. नियमांची भाषा बदलत गेली, गाभा २६ वर्षे तोच राहिला : जेथे कचरा होतो तेथेच तो वेगळा व्हावा.

घरासाठी टिपण

० ओला : देठे, साली, खरकटे, चहाचा चोथा, निर्माल्य. पिशवीत न बांधता डब्यातून द्यावा.
० सुका : कागद, पुठ्ठा, धातू, काच, प्लास्टिक. दुधाची पिशवी विसळून, वाळवून ठेवावी. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, तो लहान तुकडा कोणीच वेचत नाही.
० सॅनिटरी : कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, स्वतंत्र द्यावा.
० विशेष : औषधे, दिवे, बॅटऱ्या, रंगाचे डबे. साठवून संकलनाच्या दिवशी किंवा केंद्रात द्यावेत.
० फुटकी काच व ब्लेड : जाड कागदात किंवा डब्यात बंद करून, वर 'काच' असे लिहून हातात द्यावी.
० कपडे आणि चालू वस्तू : स्वच्छ करून, मोडलेली असल्यास दुरुस्त करून, गरजूला द्याव्यात.
० मोबाइल व संगणक : देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसून टाकावी.

यांतील कोणतेही काम अवघड नाही आणि खर्चिकही नाही. सकाळी आठ वाजता दारावर येणाऱ्या बाईच्या हातात वेगळा केलेला डबा द्यायचा की बांधलेली पिशवी, एवढाच प्रश्न आहे. तिच्या दिवसाची कमाई आणि फुरसुंगी-देवनारच्या रहिवाशांची हवा त्या उत्तरावर अवलंबून असते.